पंख्यापासून पिस्टनपर्यंत

पाण्यावर उतार नसतो. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, एकदा वेग पकडला की त्याच्या ताकदीचा पाचवा हिस्साही क्वचितच खर्ची पडतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर गाडी घरंगळत राहते आणि तेवढ्या वेळात पिस्टन, व्हॉल्व्ह आणि तेल यांना श्वास घ्यायला मिळतो. वेगवान बोटीचा थ्रॉटल सोडा, काही क्षणांत ती पाण्यात बसते. तिला वेगात ठेवायचं तर इंजिनाने सतत ढकलत राहायचं. गाडी जन्मभर चढावरच चालवावी, वरच्या गिअरमध्ये आणि पूर्ण लादून, तसं हे काम आहे. त्यामुळे बोटीसाठी जास्त ताकदीचं इंजिन बांधताना सुटे भाग निवडण्याचा विचार गाडीच्या सवयीने केला तर तो बहुतेक वेळा चुकतो.

सवय अशी असते की आधी हॉर्सपॉवरचा आकडा ठरतो, मग कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मग हेड म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं. माझ्या मते सुरुवात अगदी दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी: प्रोपेलरकडून, म्हणजे पाण्यातल्या पंख्याकडून. इंजिन शेवटी त्या पंख्यालाच उत्तर देतं. पंखा जेवढी ताकद मागतो ती साधारणपणे आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची कमाल मर्यादा ५००० आरपीएम धरली तर ४००० वर पूर्ण ताकदीच्या सुमारे ५१ टक्के लागते, आणि ४५०० वर सुमारे ७३ टक्के. म्हणजे ‘आरामात चाललोय’ असं वाटत असतानाही इंजिन अर्ध्याहून जास्त ताकद सलग देत असतं. पुढच्या प्रत्येक निवडीमागे हा आकडा आहे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. आरपीएम गुणिले पंख्याची इंचातली पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर), त्यातून घसरण म्हणजे स्लिप वजा, आणि मग ड्राइव्हचं, म्हणजे इंजिन आणि पंखा यांना जोडणाऱ्या गिअरपेटीचं, गिअर गुणोत्तर गुणिले १२१५ ने भागायचं. उत्तर नॉटमध्ये येतं. ५००० आरपीएम, २८ इंच पिच, १० टक्के स्लिप आणि १.५ गुणोत्तर असेल तर सुमारे ६९ नॉट. आता तोच हिशेब उलटा करायचा. बोटीला कोणता वेग हवा, हाताशी असलेल्या ड्राइव्हचं गुणोत्तर काय आणि वापरण्याजोगे पंखे कोणत्या पिचचे, यावरून इंजिनाने किती आरपीएमला पूर्ण ताकद द्यायला हवी ते ठरतं. ज्या इंजिनाची ताकद ५६०० ला शिखर गाठते त्याला जड पंखा लावून ४८०० लाच अडवलं, तर ते भाराखाली घुसमटतं. सिलिंडरमधला दाब जास्त, वेग कमी, आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला, म्हणजे डेटोनेशनला, पुरेसा वेळ. पिस्टन भाजतात ते बहुधा असेच. पिच एका इंचाने वाढवली की साधारण १५० ते २०० आरपीएम घटतात, त्यामुळे ही चूक पंखा बदलून सुधारता येते. पण कॅम आणि हेड चुकीच्या आरपीएमसाठी घेतली असतील तर पंखा काही करू शकत नाही.

ड्राइव्हकडेही याच टप्प्यावर पाहावं. तिचे गिअर टॉर्कने म्हणजे पिळाच्या जोराने तुटतात, आणि सगळ्यात वाईट क्षण लाटेवरून उडालेला पंखा पुन्हा पाण्यात शिरतो तेव्हाचा. निर्मात्याने दिलेली मर्यादा ओलांडून इंजिन बांधायचं असेल तर ड्राइव्हचा खर्च इंजिनाच्या खर्चातच धरा.

आरपीएम ठरले की स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ठरवता येतो. उदाहरणासाठी १९६५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या बिग-ब्लॉक व्ही-८ घराण्याकडे पाहू, कारण बोटींमध्ये ते खूप वापरलं गेलं आहे आणि त्याची मापं सर्वांना माहीत आहेत. ४५४ घन इंचाच्या म्हणजे ७.४ लिटरच्या इंजिनाचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ४.२५ इंच आणि स्ट्रोक ४ इंच. ५०२ मध्ये स्ट्रोक तोच, बोअर ४.४६६. बोअर ४.५ आणि स्ट्रोक ४.२५ केला की ५४० घन इंच, सुमारे ८.९ लिटर. ४ इंच स्ट्रोकवर ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.९ मीटर येतो, ४.२५ इंचावर ५५०० ला तो १९.८ होतो. तासन्‌तास चालायच्या इंजिनात हा आकडा २० च्या खाली ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. जास्त ताकद हवी असेल तर आरपीएम वाढवण्याऐवजी घनफळ वाढवा. मोठं आणि सावकाश फिरणारं इंजिन व्हॉल्व्ह स्प्रिंगवर, रॉडच्या बोल्टवर आणि तेलावर खूप कमी ताण टाकतं.

घनफळ वाढवताना ब्लॉकच्या उंचीचा प्रश्न येतो आणि तो अनेकदा दुर्लक्षित राहतो. नेहमीच्या बिग-ब्लॉकची डेकची उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ९.८ इंच. त्यातून स्ट्रोकचा निम्मा भाग म्हणजे २.१२५ आणि ६.३८५ इंचाचा रॉड वजा केला तर पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंत १.२९ इंचच उरतात. उंच म्हणजे १०.२ इंची डेकच्या ब्लॉकमध्ये ६.५३५ चा रॉड वापरूनही १.५४ इंच मिळतात. या पाव इंचात पहिली रिंग माथ्यापासून खाली ठेवता येते, दोन रिंगांमधला कठडा जाड करता येतो, पिन तेलाच्या रिंगेत घुसत नाही. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, लावायचा असेल तर मी उंच डेकच निवडेन. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड रुंद लागतो, पुशरॉड लांब लागतात, आणि इंजिन रुंदावल्यामुळे एक्झॉस्ट बोटीच्या आतल्या बाजूच्या आधारांना खेटतो का ते आधी टेपने मोजावं लागतं.

जुना ब्लॉक घेत असाल, आणि तो आधी खाऱ्या पाण्यावर थंड होत असेल, तर बोअर करण्यापूर्वी अल्ट्रासॉनिक यंत्राने प्रत्येक सिलिंडरची भिंत मोजून घ्या. पाण्याच्या बाजूने गंजून ती आतून पातळ झालेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पिस्टन ज्या बाजूला दाब देतो तिथे बोअर झाल्यावर ०.२०० इंचापेक्षा कमी जाडी उरणार असेल तर तो ब्लॉक सोडून द्यावा. होनिंग म्हणजे सिलिंडरची शेवटची घासाई करताना डेकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी बसवायची जाड पाटी, कसलेली असावी, नाहीतर हेड बसवल्यावर सिलिंडर गोल राहत नाही आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत.

पिस्टनवर जरा थांबायला हवं, कारण गाडी आणि बोट यांतला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. ओतीव हायपरयुटेक्टिक पिस्टनमध्ये सिलिकॉन १६ ते १८ टक्के असतं. तो कमी फुगतो, शांत चालतो, पण डेटोनेशनचा मार बसला की तडकतो. फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनमध्ये दोन मिश्रधातू मुख्य: ४०३२, ज्यात सिलिकॉन सुमारे १२ टक्के, आणि २६१८, ज्यात ते जवळजवळ नाहीच. ४०३२ कमी फुगतो म्हणून जवळ बसवता येतो. २६१८ जास्त फुगतो, पण चिवट असतो. मार बसला तर वाकतो, तुकडे होत नाहीत. सलग भाराच्या बोटीसाठी, आणि सुपरचार्जर असेल तर नक्कीच, २६१८.

आता क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट. समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरत असेल तर थर्मोस्टॅट साधारण ६० अंश सेल्सिअसचा असतो, कारण त्याहून बरंच वर गेलं की पाण्यातले क्षार आत बसू लागतात. म्हणजे सिलिंडरची भिंत थंड आणि आकसलेली, तर सलग भारामुळे पिस्टनचा माथा २५० अंशांच्याही वर. गाडीत ज्या क्लिअरन्सवर पिस्टन सुखाने चालतो त्याच क्लिअरन्सवर बोटीत तो फुगून भिंतीला घासतो आणि स्कर्टच्या चार कोपऱ्यांवर ओरखडे उठतात. ४.५ इंच बोअरमध्ये २६१८ चा पिस्टन रस्त्यासाठी पाच थाऊवर, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशावर बसवत असतील, तर बोटीसाठी सहा ते सात थाऊ ठेवतात. निर्मात्याच्या कागदावर ‘मरीन’ असा वेगळा रकाना असेल तर तोच पाळायचा, आणि माप त्यांनी सांगितलेल्या जागीच घ्यायचं. स्कर्टवर थोडं वरखाली मोजलं तरी आकडा एक-दोन थाऊने बदलतो. एवढ्या क्लिअरन्सचं इंजिन थंड असताना खडखडतं. त्या आवाजाला घाबरू नये. तेल तापेपर्यंत थ्रॉटल पुढे न ढकलणं एवढंच त्याचं पथ्य.

रिंगांच्या टोकांमधल्या फटीचंही तसंच. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात पहिल्या रिंगेला बोअरच्या दर इंचामागे किमान ०.००४५ इंच, म्हणजे ४.५ च्या बोअरला वीस थाऊ. सुपरचार्जर असेल तर दर इंचामागे ०.००६ ते ०.००७, म्हणजे २७ ते ३१ थाऊ. दुसऱ्या रिंगेची फट पहिलीपेक्षा किंचित जास्त ठेवावी, म्हणजे दोघींमध्ये अडकलेला वायू पहिल्या रिंगेला उचलत नाही. फट दोन-चार थाऊ जास्त झाली तर थोडा वायू खाली गळेल, बाकी काही नाही. कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते, आणि वर जाणारा पिस्टन स्वतःचाच कठडा तोडून घेतो. रिंग घासताना एकाच टोकाला घासा, कानशीचा रोख बाहेरून आत ठेवा, कड बारीक दगडाने मोडा. मोजताना ती सिलिंडरमध्ये साधारण एक इंच खाली, अगदी आडवी बसलेली हवी. आणि ज्या सिलिंडरमध्ये मोजली त्याच सिलिंडरची म्हणून बाजूला ठेवा.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाचं घनफळ भागिले माथ्याशी असतानाचं घनफळ, कॅटलॉगवरून ठरवू नये, मोजून ठरवावा. ४.५ बोअर आणि ४.२५ स्ट्रोकला एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ११०८ सीसी. हेडची पोकळी ११९ सीसी, ०.०३९ इंच जाड आणि ४.५४ इंच व्यासाचं गॅस्केट दाबल्यावर १०.४ सीसी, पिस्टन डेकच्या पातळीत. यावर सपाट माथ्याचा, फक्त व्हॉल्व्हच्या खाचांचे ३ सीसी असलेला पिस्टन घातला तर ९.४ येतो, ९ वर आणायचं तर माथ्यात ९ सीसींची बशी हवी. अ‍ॅल्युमिनियमची हेड आणि चांगलं इंधन असेल तर मी ९ ते ९.४ च्या दरम्यान थांबेन. बिडाची हेड असतील तर त्याहून अर्धा कमी. अर्ध्या अंकाने मिळणारी ताकद दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असते. त्या बदल्यात खराब इंधनाच्या एका टाकीने सगळं इंजिन गमावण्याचा धोका घेण्यात मला अर्थ दिसत नाही. बोटीत वाऱ्याचा आणि एक्झॉस्टचा आवाज एवढा असतो की डेटोनेशनचा टणत्कार कानावर येतच नाही. इग्निशनही त्याच हिशेबाने: रस्त्यावर ३६ ते ३८ अंश एकूण टायमिंग देणारे लोक बोटीत ३० ते ३४ वर राहतात. मात्र रेशो कमी करायचा म्हणून जाड गॅस्केट घालू नका. पिस्टन आणि हेड यांच्यातली ४० थाऊच्या आसपासची फट मिश्रण घुसळायला लागते. ती रुंदावली की रेशो कमी होऊनही डेटोनेशन वाढू शकतं.

खालच्या भागात क्रँक ४३४० स्टीलचा फोर्ज्ड घ्यावा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद होतो तो बॅलन्सचा. ४५४ चा मूळ क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, म्हणजे त्याच्या बॅलन्सचं थोडं वजन पुढच्या डँपरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतं. नवीन क्रँक आतूनच बॅलन्स केलेला असेल आणि फ्लायव्हील जुनंच राहिलं तर इंजिन थरथरत बेअरिंग खातं. बोटीत ड्राइव्हचा कपलर त्या फ्लायव्हीललाच जोडलेला असल्याने ते ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. ते बॅलन्सच्या दिवशीच दुकानात न्या. जोडइंजिनाच्या बोटीत एक इंजिन उलट्या दिशेने फिरणारं हवं असेल तर मागचं ऑइल सील, स्टार्टर आणि टायमिंगची रचना वेगळी लागते. ड्राइव्हच दिशा बदलणारी असेल तर यातलं काहीच लागत नाही. मागणी नोंदवण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

रॉडच्या बोल्टबाबत एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. शर्यतीच्या गाड्यांमध्ये मानाने वापरला जाणारा एल१९ हा बोल्ट ओलाव्याला सोसत नाही. हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होतो आणि ताणाखाली गंजून तुटतो. घामेजलेल्या हातांनीही तो धरू नये अशी सूचना असते. ज्या इंजिनाच्या तेलात दमट हवेचं पाणी जमतं त्यात हा बोल्ट नको. एआरपी २००० पुरेसा ताकदीचा आहे आणि त्याला हा रोग सहसा होत नाही. तो टॉर्क रेंचने कसण्यापेक्षा लांबी मोजून कसा: मोकळ्या बोल्टची लांबी लिहून ठेवा, आणि निर्मात्याने दिलेला ताण येईपर्यंत आवळा, जो ७/१६ इंची बोल्टला साधारण सहा थाऊ असतो. पुढे कधी इंजिन उघडलं आणि सुटा केलेला बोल्ट मूळ लांबीपेक्षा एक थाऊ जास्त भरला तर तो फेकून द्या.

बेअरिंगचा जुना नियम अजूनही चांगला आहे: जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या, व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ फट, वर थोडं. २.७५ इंची मेनला (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ते बेअरिंग) २८ ते ३२ दशहजारांश इंच, २.२ इंची रॉडला २४ ते २८. मेनची टोपी पूर्ण टॉर्कने कसून डायल बोअर गेजने मोजा; मेणाची पट्टी फक्त खात्रीसाठी. गरम इंजिनात दर हजार आरपीएममागे १० पीएसआय तेलाचा दाब पुरे. त्याहून जास्त मिळवण्यासाठी मोठा पंप घातला तर तो तेल तापवतो आणि पॅन रिकामा करतो.

पॅन मोठा हवा, नऊ-दहा लिटरचा. बोट वेग घेताना नाक वर करते, इंजिन मुळातच मागे कललेलं बसवलेलं असतं, आणि सगळं तेल मागे पळतं. लाटेवर आपटली की पुढे. म्हणून आत झडपांचे कप्पे लागतात. पिकअप आणि पॅनचा तळ यांत ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर अंतर ठेवा, आणि ते मातीचा गोळा दाबून प्रत्यक्ष पाहा. पॅन अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जाड रंगाचा असावा, कारण बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी साध्या पत्र्याला खालून पोखरतं. ऑइल कूलर लागतोच, पण त्याला थर्मोस्टॅटही लागतो, आणि हा भाग बहुतेक याद्यांमध्ये नसतो. पॅनमधलं तेल ९५ ते ११५ अंशांत राहायला हवं. थंड समुद्रात मोठा कूलर तेलाला ७० वर अडवून ठेवतो. मग त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि तेल पातळ होतं.

कॅमकडे मी मुद्दाम उशिरा आलो. बोटीत एक्झॉस्ट थंड करायला त्यात पाणी सोडतात. कमी आरपीएमवर इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तेव्हा सिलिंडर एक्झॉस्टकडून उलटा श्वास घेतो, आणि वायूबरोबर त्या पाण्याचे थेंबही आत येतात. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांडीवर आणि सीटवर तांबूस गंज दिसतो, मग व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडखळतो. जास्त पाणी साचलं तर इंजिन सुरू करताना पिस्टन पाण्यावर आदळून रॉड वाकतो. हे टाळायचं तर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ, मर्यादेत हवा. तो असा काढायचा: ५० थाऊ उचलीवरचे इनटेक आणि एक्झॉस्टचे ड्युरेशन, म्हणजे उघडं राहण्याचे अंश, मिळवून चाराने भागा, त्यातून लोब सेपरेशन, म्हणजे कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन, वजा करा, दुप्पट करा. २३६ आणि २४२ अंशांचा कॅम ११४ वर घासला असेल तर ओव्हरलॅप ११ अंश. तोच ११० वर असेल तर १९. ओल्या एक्झॉस्टच्या बोटीत हा फरक फार मोठा आहे. ११४ किंवा त्याहून रुंद घ्या. त्याहून उग्र कॅम हवाच असेल तर पाणी टोकाशी, खूप लांब सोडणारे हेडर म्हणजे एक्झॉस्टचे पाइप लागतील. तो खर्च कॅमच्या किमतीत मोजा. शिवाय गिअर टाकताना इंजिन ७००-८०० आरपीएमवर स्थिर राहिलं पाहिजे. हजारावर घोंघावणारं इंजिन प्रत्येक वेळी ड्राइव्हच्या दातांवर हातोडा मारतं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इन्कोनेलचे, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूचे, घ्यावेत. महाग आहेत, पण पूर्ण भारावर ७०० अंशांच्या वर तापलेला वायू सलग सोसणारं साधं स्टेनलेस मऊ पडतं, लांबतं आणि शेवटी डोकं सोडून देतं. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधून हेडला देतो, म्हणून शर्यतीसारखी अरुंद सीट इथे चालत नाही; एक्झॉस्टला ८० ते १०० थाऊ रुंद असावी. हवेच्या प्रवाहात थोडं नुकसान होतं, ते मान्य करावं. गाइड ब्राँझच्या. रॉकर स्टेनलेसचे, कारण अ‍ॅल्युमिनियमचे रॉकर तासांच्या हिशेबाने थकतात.

अ‍ॅल्युमिनियमची हेड आणि थेट समुद्राचं पाणी यांचं जमत नाही. हीट एक्स्चेंजर लावून आत कूलंट फिरवा, आणि एक्स्चेंजरमधल्या झिंकच्या कांड्या अर्ध्या झिजल्या की बदला. हेड गॅस्केट मरीनचंच: गाडीच्या गॅस्केटमधला साधा पोलादी गाभा खाऱ्या पाण्यात गंजून पाण्याची वाट सिलिंडरपर्यंत उघडतो. ब्लॉकच्या बुचांसाठी पितळ. वेगवान बोटीत पाणी खेचणाऱ्या नळीवर वेगाचाच दाब येतो, तेव्हा समुद्रपंपाच्या पुढे दाब सोडणारी झडप बसवा, नाहीतर एक्स्चेंजरची टोपी किंवा रबरी नळी उडते.

इंधनाचा हिशेब सुपरचार्जर नसलेल्या ६०० हॉर्सपॉवरला पूर्ण थ्रॉटलवर तासाला १३६ किलो, म्हणजे १८० लिटरहून थोडं जास्त. पंप आणि नळ्या लोक मोठ्या घेतात, पण टाकीच्या तोंडाशी असलेली अँटी-सायफन झडप, म्हणजे नळी फुटली तर पेट्रोल आपोआप वाहू न देणारी झडप, जुनीच राहते. तिच्या लहान भोकातून एवढं पेट्रोल जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि वरच्या आरपीएमला पिस्टन वितळतो. ती सुरक्षेसाठी असते, म्हणून काढून टाकायची नाही. मोठ्या प्रवाहाची घ्यायची. ५४० घन इंचाला ५५०० आरपीएमवर सुमारे ८२० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, तेव्हा ८५० चा कार्ब्युरेटर ठीक.

आणि तो मरीन कार्ब्युरेटरच हवा. इथे मला कसलीही तडजोड मान्य नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिथून बाहेर पडायला तिला वाट नसते. मरीन कार्ब्युरेटरच्या वाफनळ्या आत वळवलेल्या असतात, म्हणजे तुंबलेलं पेट्रोल इंजिनावर न सांडता घशात जातं. यांत्रिक पंपाला दुहेरी पडदा असतो. अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्यावर एसएई जे-११७१ किंवा आयएसओ ८८४६ चा शिक्का असतो, म्हणजे त्यांची ठिणगी बाहेरची वाफ पेटवत नाही. इंधनाची नळी आयएसओ ७८४० ची, कार्ब्युरेटरवर मान्यताप्राप्त फ्लेम अरेस्टर म्हणजे ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी, आणि सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं. गाडीचा अल्टरनेटर दिसायला अगदी सारखा असतो, बसतोही तसाच, आणि स्वस्त असतो. माणसं भाजतात ती अशाच बदलामुळे.

सगळे भाग आले की लगेच जोडू नका. एका सिलिंडरची कोरडी जुळणी करून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीने घ्या: इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण ६० थाऊ उरले पाहिजेत. पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन क्षणात हजारभर आरपीएम चढतं, म्हणून रेव्ह लिमिटर लावा आणि स्प्रिंगा त्या मर्यादेच्याही वरच्या आरपीएमला पुरतील अशा घ्या. बसवण्याआधी सोळाही स्प्रिंगांचा बसता दाब मोजून लिहा.

पाण्यात पहिल्या तासांत एअर-फ्युएल मीटर लावा. त्याचा सेन्सर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याच्या आधीच्या भागात हवा, ओला झाला की तो मरतो. हवा आणि इंधन यांचं वजनाचं गुणोत्तर पूर्ण थ्रॉटलवर साडेबाराच्या आसपास हवं, सुपरचार्जर असेल तर साडेअकराच्या. पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम हिशेबातल्या आकड्याशी जुळत नसतील तर आधी पंखा बदला, मग कार्ब्युरेटरमधले इंधनाचे जेट. पहिलं तेल काढलं की फिल्टर कापून घडी उलगडा आणि चुंबक फिरवा. दर शंभर तासांनी व्हॉल्व्ह कव्हर काढून स्प्रिंगांवर गंजाचे ठिपके शोधा, कारण ठिपक्यापासूनच तडा सुरू होतो, आणि दाब पुन्हा मोजा. पहिल्या नोंदीपेक्षा दहा टक्के उतरला असेल तर सोळाही स्प्रिंगा एकदम बदला.